दगडावरची दानाची वही

मागच्या महिन्यात उंब्रजच्या आमच्या एका गटात बैठकीला हिशेब जुळेना. एका ताईंचे कर्जाचे २,०५० रुपये वहीत २५० असे पडले होते. एक पूज्य गळालं आणि अठराशे रुपये गायब! दोन तास आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत होतो. चूक सापडली तशा एक मावशी म्हणाल्या, "पूज्याला किंमत नाय म्हणत्यात, मग एवढं रामायण कशापायी?"

प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर जुनं आहे, आणि त्यातला एक धागा आपल्याच नाणेघाटात सापडतो.

जुन्नरहून कोकणात उतरणारी ही जुनी व्यापारी वाट. तिथल्या गुहेत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. तो सातवाहन राणी नागनिकेचा मानतात. यज्ञात काय काय दान दिलं त्याची ती यादी आहे. त्यात गाई आहेत, घोडे आहेत, हत्ती आहेत आणि कार्षापण, म्हणजे त्या वेळची नाणी. 'पुष्कळ दिलं' असं मोघम लिहिलेलं नाही, चोख आकडे घातलेत. कुठं १०,००१ गाई, कुठं २४,४०० कार्षापण. बाईच्या नावची एवढी जुनी वही दगडावर टिकली, याचं आम्हाला फार अप्रूप वाटलं.

पण त्या आकड्यांत पूज्य नाही. दहाची खूण वेगळी, विसाची वेगळी, शंभराची आणि हजाराचीही वेगळी. चारशे लिहायचे तर शंभराच्या खुणेला चाराची खूण जोडायची. दहा हजार एक म्हणजे दहा हजाराची खूण आणि शेजारी एकाची. अशा लिहिण्यात आमच्या ताईंसारखी चूक होणारच नाही. मात्र आपण एकाखाली एक मांडून बेरीज करतो, हातचा धरतो, ते त्या खुणांनी जमायचं नाही.

त्याच काळात चीनमधले लोक बांबूच्या काड्या मांडून हिशेब करत. एककाच्या काड्या उभ्या, दशकाच्या आडव्या, शतकाच्या परत उभ्या. ज्या घरात काही नाही ते रिकामं सोडायचं. आपल्या दोन हजार पन्नासात शतकाचं घर असंच रिकामं आहे. भारतात त्या रिकाम्या घराला पुढं खूण मिळाली, आणि इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी शून्याचेही बेरीज-वजाबाकीचे नियम लिहिले. वहीतलं ते गोल म्हणजे घर राखून ठेवणारी जागा. ते पुसलं की पुढचा आकडा खालच्या घरात घसरतो.

चीनच्या जुन्या गणितग्रंथात शेताचं माप, धान्याची अदलाबदल आणि वर्गणीचे हिशेबही आहेत. त्याच धर्तीचा एक आपण करू. गटाला शेवयांचं मशीन घ्यायचंय. प्रत्येकीनं ६०० दिले तर ४०० उरतात, ५०० दिले तर ६०० कमी पडतात. मग बायका किती आणि मशीन केवढ्याचं?

एकीमागं फरक शंभराचा. उरलेले ४०० आणि कमी पडलेले ६०० मिळून एकूण फरक हजाराचा. हजारात शंभर दहा वेळा, म्हणून बायका दहा. सहा हजारांतून ४०० वजा केले की मशीन ५,६०० चं.

बैठकीत हे घातलं तेव्हा मावशींनी आमच्या आधी उत्तर दिलं, तेही बोटांवर. आता गटाच्या वहीत एकक, दशक, शतक, हजार अशा उभ्या रेघा त्याच आखतात.