गार पाण्याने दातांत कळ का येते?

न्हावरे (ता. शिरूर) : उसाचा ताजा रस, त्यात पिळलेले लिंबू आणि वर बर्फाचा चुरा. घोडगंगा साखर कारखान्यामुळे ओळखल्या जाणाऱ्या या परिसरात उन्हाळ्याच्या दुपारी याहून मोठे सुख नाही. मात्र पहिल्याच घोटाला एखाद्याचा हात गालावर जातो आणि पेला खाली ठेवला जातो. दातातून वीज चमकावी तशी कळ येते आणि क्षणात नाहीशीही होते. पुण्या-मुंबईत हाच अनुभव आइस्क्रीम खाताना येतो. ‘दात सेन्सिटिव्ह झालेत’ असे म्हणून आपण तो विषय सोडून देतो. तेथेच चूक होते.

दाताचा बाहेरचा थर म्हणजे इनॅमल. शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ. पण त्यात जिवंत पेशी नसल्याने एकदा झिजला की पुन्हा तयार होत नाही. त्याच्या आत डेंटिनचा तुलनेने मऊ थर असतो आणि त्यात सूक्ष्म नलिकांचे जाळे असते. एका चौरस मिलिमीटरमध्ये अशा हजारो नलिका मावतात. त्यांत द्रव असतो व त्या आतल्या नसेच्या दिशेने जातात. इनॅमल झिजले किंवा हिरडी खाली सरकून मूळ उघडे पडले, की नलिकांची तोंडे मोकळी होतात. गार, गोड, आंबट किंवा नुसती वाऱ्याची झुळूक लागली तरी आतला द्रव हलतो आणि नस चाळवते. स्वीडनचे मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात ही उपपत्ती प्रयोगांनी भक्कम केली. आजही दंतवैद्यक तीच प्रमाण मानते.

इनॅमल झिजते कशाने? तोंडातील आम्लता साधारण ५.५ पीएचच्या खाली गेली की त्यातील खनिजे विरघळू लागतात. लिंबाचा रस याच्या कितीतरी खाली असतो, शीतपेयेही तशीच. शहरात सकाळी कोमट पाण्यात लिंबू पिळून पिण्याची टूम आली आहे. ते घोट घोट घेत अर्धा तास चालणे आणि लगेच ब्रश करणे, ही दातांच्या दृष्टीने वाईट जोडी. आम्लाने मऊ झालेला थर ब्रशने खरवडला जातो. म्हणून आंबट खाल्ल्यावर आधी साध्या पाण्याने चूळ भरावी आणि ब्रशला किमान अर्धा तास थांबावे. ब्रश मऊ दात्यांचाच हवा. तो आडवा, जोर लावून घासणाऱ्यांच्या दातांना हिरडीलगत पाचरीसारख्या खाचा पडतात. भांडी घासल्याप्रमाणे दात घासण्याची सवय आपल्याकडे सुशिक्षित घरांतही आहे. खरखरीत दंतमंजन, राख, विटेची भुकटी यांचा परिणामही तोच.

ग्रामीण महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे, तो मिश्रीचा. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजून केलेली ही भुकटी दिवसातून अनेकदा दातांना व हिरड्यांना चोळली जाते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता व सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तपासणी केली होती. मुखकर्करोग व त्याआधीच्या लक्षणांविषयीचा तो अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. मिश्री ही प्रामुख्याने महिलांची सवय असल्याचे त्यात दिसले. भुकटी दात घासते, तंबाखू हिरडीला इजा करते, हिरडी सरकून मूळ उघडे पडते आणि कळ सुरू होते. मग कळ थांबावी म्हणून पुन्हा मिश्री! थोडा वेळ बधिर झाल्यासारखे वाटते, तोच तिचा ‘गुण’ मानला जातो. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट व दंतमंजनांवर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला ती कोठून गाठणार? अशा घरातील आई वा आजी ‘दाताला गार लागते’ म्हणाली, तर केवळ पेस्ट बदलून देऊ नये. गालाच्या आत व हिरडीवर पांढरा वा लाल चट्टा, न भरणारी जखम आहे का, हे दंतवैद्याकडून पाहून घ्यावे.

सेन्सिटिव्ह दातांसाठीच्या पेस्टमध्ये दोन प्रकारची द्रव्ये असतात. पोटॅशियम नायट्रेट नसेची संवेदना शांत करते, तर स्टॅनस फ्लोराइड, स्ट्रॉन्शियम, आर्जिनिन यांसारखी द्रव्ये नलिकांची तोंडे बुजवतात. एका रात्रीत गुण येत नाही. दिवसातून दोनदा, सलग दोन ते चार आठवडे वापर हवा. ब्रश झाल्यावर फेस थुंकून टाकावा, भरभरून चुळा भरू नयेत. नाहीतर औषध वाहून जाते. तेवढ्याने भागले नाही, तर दंतवैद्य फ्लोराइडचा लेप देतात, खाच भरतात किंवा झोपेत दात खाणाऱ्यांना रात्री घालण्यासाठी कवच करून देतात.

कळ आणि ठणका यांत मात्र गल्लत नको. गार लागल्यावर आलेली कळ दोन-चार सेकंदांत थांबत असेल, तर ती बहुधा संवेदनशीलता. गार घोट गिळून झाल्यावरही वेदना रेंगाळत असेल, गरम चहाने ती वाढत असेल, काही न खाता रात्री ठणका लागून झोपमोड होत असेल, एकाच दातावर चावताना दुखत असेल किंवा हिरडी सुजली असेल, तर कीड नसेपर्यंत पोचली असण्याची किंवा दाताला तडा गेल्याची शक्यता असते. येथे पेस्ट काहीच करू शकत नाही. उलट तिच्या भरवशावर गेलेले दोन महिने महागात पडतात. कीड वरवर असताना एका भेटीत दात भरून होतो. नसेला पोचल्यावर रूट कॅनॉल आणि त्यावर कॅप लागते, तीही चुकली तर दात काढावा लागतो. लवंगेच्या तेलाचा बोळा दंतवैद्याकडे पोचेपर्यंत आधार देतो, त्यापलीकडे नाही. दुखऱ्या दाताशेजारी ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवण्याचा जुना उपाय तर टाळावाच. गोळी आम्लधर्मी असल्याने तेथील हिरडी व गाल भाजतात.