तलावांतील गाळ व शेतांतील माती

सोलापूरजवळ हिप्परगा येथें आदिला नदी अडवून बांधलेला एकरूख तलाव १८७१ सालीं पूर्ण झाला. अशा तलावांत दर पावसाळ्यांत सांचणारा गाळ म्हणजे बहुतांशीं वरच्या शेतांचा कसदार थर होय. जोराचें पाणी उतारावरून ही माती नेतें, आणि तें स्थिर झालें म्हणजे ती तळाशीं बसते. शेत झिजतें व तलावही उथळ होतो.

राज्य सरकारनें २०१७ सालीं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढली. हलक्या मुरमाड जमिनीस गाळ विशेष मानवतो. त्याच्या बारीक कणांमुळें ओल अधिक टिकते. भारी काळ्या जमिनींत मात्र तो घालूं नये, निचरा मंदावतो. गाळांत क्षार आहेत कीं काय, हें परीक्षेनें आधीं पाहावें. खणतांना तळाचा मूळ थर फोडूं नये, नाहीं तर पाणी झिरपेल.

परंतु काढलेल्या गाळाची जागा नवा गाळ घेणारच. म्हणून समपातळीवर ताली घालाव्या, उतारास आडवी पेरणी करावी व बांधावर गवत राखावें. गेलेली माती परत आणण्यास वाहतुकीचा खर्च पडतो. शेतांतच अडविलेली माती त्याहून स्वस्त पडते.