चुकीच्या उत्तरांची वही

परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड येथील महाविद्यालयांत बी.एस्सी.च्या वर्गात 'पुढे काय?' असे विचारले, तर 'बी.एड. करून शिक्षक' हे उत्तर दर वर्षी हमखास ऐकू येते. या उत्तरात एक गृहीतक दडलेले आहे. पदवीची वर्षे विषय शिकण्याची, आणि शिकवायचे कसे हे नंतर बी.एड.ला शिकायचे. वरवर पाहता ही विभागणी सोयीची वाटते. पण गेल्या चाळीस वर्षांत शिक्षकांच्या ज्ञानाचा जो अभ्यास झाला आहे, तो काही वेगळेच सांगतो. पदवीला शिकलेला विषय आणि शाळेत शिकवायचा विषय यांचे नाव एक असले तरी त्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीची तयारी आपोआप होत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. पावणेदोन भागिले अर्धा. उत्तर काढणे कोणालाही जमेल : पावणेदोन म्हणजे ७/४, भाजक उलटा करून गुणा, उत्तर साडेतीन. आता या भागाकारावर एक शाब्दिक उदाहरण तयार करा. अनेक पदवीधर येथे अडतात. 'पावणेदोन भाकरी दोघांत वाटल्या' असे काहीतरी लिहून मोकळे होतात. तो झाला दोनने भागाकार, अर्ध्याने नव्हे.

नेमका हाच प्रश्न लिपिंग मा या संशोधिकेने अमेरिकेतील २३ आणि चीनमधील ७२ प्राथमिक शिक्षकांना विचारला होता. तिचे पुस्तक १९९९ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील शिक्षक पदवीधर होते. चीनमधील बहुतेकांचे शिक्षण नऊ वर्षे शाळा आणि त्यापुढे दोन-तीन वर्षे अध्यापक विद्यालय एवढेच होते. तरी चीनमधील सर्वांनी आकडेमोड बिनचूक केली आणि नव्वद टक्के शिक्षकांना योग्य शाब्दिक उदाहरण रचता आले. अमेरिकेतील शिक्षकांपैकी निम्म्याहून कमी जणांना आकडेमोड पूर्ण जमली, आणि अर्थाला धरून असलेले उदाहरण फक्त एकाने दिले. हे कसे झाले याची चौकशी करताना चिनी शिक्षकांनी सांगितलेली कारणे फार साधी होती. ते शाळेचे पाठ्यपुस्तक अतिशय बारकाईने अभ्यासत, त्यावर सहकाऱ्यांशी बोलत, एकच उदाहरण अनेक रीतींनी सोडवून पाहत.

आपल्याकडे तर या प्रश्नाचे उत्तर बाजारातच आहे. पावणेदोन किलो शेंगदाणे अर्ध्या अर्ध्या किलोच्या पिशव्यांत भरले, तर पिशव्या किती होतील? तीन भरतील आणि चौथी अर्धी राहील. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द मराठी मुलाच्या तोंडी शाळेत येण्यापूर्वीच असतात. परभणीच्या मोंढ्यात वडिलांबरोबर गेलेल्या मुलाला पाऊण क्विंटल म्हणजे किती हे सांगावे लागत नाही. या शब्दांपासून ७/४ पर्यंतचा रस्ता आखणे हे शिक्षकाचे काम. बी.एस्सी.च्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत ते विचारले जात नाही.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ साली या प्रकारच्या ज्ञानाला स्वतंत्र नाव दिले. मराठीत त्याला 'विषयाचे अध्यापनीय ज्ञान' म्हणता येईल. विषयातील कोणता भाग मुलांना जड जातो, तो का जड जातो, मुले येताना कोणत्या कल्पना घेऊन येतात, आणि कोणते उदाहरण त्या कल्पनांना भिडते, हे सारे त्यात येते. पुढे २०१३ साली फिलिप सॅडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८१ शिक्षक आणि त्यांचे सुमारे साडेनऊ हजार विद्यार्थी यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिक्षकांना विज्ञानाचे प्रश्न देऊन दोन गोष्टी विचारल्या होत्या : बरोबर उत्तर कोणते, आणि तुमची मुले सर्वांत जास्त वेळा कोणते चुकीचे उत्तर देतील? पहिल्या प्रश्नाची उत्तरे बहुतेकांना आली. दुसऱ्यात मात्र निम्म्याहून अधिक वेळा अंदाज चुकला. आणि जेथे शिक्षकाला बरोबर व चूक अशी दोन्ही उत्तरे ठाऊक होती, तेथे मुलांची प्रगती अधिक झाली.

म्हणून शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने पदवीच्या पहिल्या वर्षापासून एक वेगळी वही घालावी असे मला वाटते. तिच्यात मुलांची चुकीची उत्तरे लिहावीत. मूल काय म्हणाले, त्याच्याच शब्दांत. आणि 'तुला असं का वाटतं?' या प्रश्नावर पुढे काय म्हणाले, तेही.

या वहीत परभणी जिल्ह्यात पहिल्या पानावर काय येईल याचा अंदाज करता येतो. कापसाचे बी जेमतेम शंभरेक मिलिग्रॅमचे, आणि त्यापासून वाढलेली वाळकी पऱ्हाटी हातात जड लागते. हे वजन आले कोठून? 'जमिनीतून', 'खतातून' हे उत्तर जवळजवळ प्रत्येक मूल देईल. काळ्या कसदार मातीच्या या जिल्ह्यात ते फार नैसर्गिकही आहे. जमीन चांगली तर पीक चांगले, हे तो घरात रोज ऐकतो. पण गंमत अशी, की प्रकाशसंश्लेषणाची सर्व समीकरणे पाठ असलेला वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थीही अनेकदा हेच उत्तर देतो. अमेरिकेत १९९७ साली निघालेल्या एका माहितीपटात नामांकित विद्यापीठांच्या पदवीधरांना लाकडाचा ओंडका हाती देऊन हाच प्रश्न विचारला होता. हवेतून, हे उत्तर त्यांनाही सुचत नव्हते, आणि सांगितल्यावर पटत नव्हते.

हेल्माँट या शास्त्रज्ञाने २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचे विलो झाड लावून पाच वर्षे त्याला केवळ पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले आणि माती घटली सुमारे २ औंस. हा प्रयोग १६४८ साली, त्याच्या मृत्यूनंतर, छापून आला. माती हे उत्तर येथे निकालात निघाले. पण हेल्माँटने काढलेला निष्कर्ष, म्हणजे झाड केवळ पाण्याचे बनते, तोही अपुराच होता. हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि पाणी या दोहोंचा हिशोब लागायला १८०४ साल आणि सोस्यूरचे प्रयोग यावे लागले. मुलाची चूक कशी हाताळावी हे अशा इतिहासातून चांगले समजते. मूल ज्या ठिकाणी अडले आहे तेथे मोठमोठी माणसे दीडशे वर्षे अडली होती.

परभणीच्या विद्यार्थ्याला विलोची गरज नाही. वेचणी संपल्यावर पऱ्हाटी चुलीत जाते. खडखडीत वाळलेल्या पऱ्हाट्या आधी तोलून घ्याव्यात, पत्र्यावर मोकळ्या जागी जाळाव्यात, आणि उरलेली राख तोलावी. राख ओंजळभर निघते. मातीतून आलेली खनिजे बहुतांशी त्या राखेत आहेत. बाकीचे वजन हवेतून आणि पाण्यातून आले होते व पुन्हा हवेत गेले. (मातीतून घेतलेला नायट्रोजनही धुरावाटे निघून जातो. एखादी चौकस मुलगी ते विचारील, म्हणून आधीच माहीत असलेले बरे. त्याने मुख्य हिशोब बिघडत नाही.)

सॅडलर यांच्या अभ्यासात आणखी एक निरीक्षण आहे, ते आपल्याला अधिक जवळचे वाटावे. ज्या मुलांचे वाचन व गणितच कच्चे होते, त्यांना शिक्षकाच्या या ज्ञानाचा फारसा लाभ झाला नाही. भाषेचा अडसर दूर झाल्याशिवाय विज्ञान पोहोचत नाही. परभणी जिल्ह्यात एकाच वर्गात घरी मराठवाडी बोली, उर्दू आणि बंजारा बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात. बोलीत 'जोर', 'ताकद', 'शक्ती' हे एकमेकांच्या जागी चालतात. पुस्तकात बल वेगळे, ऊर्जा वेगळी आणि शक्ती वेगळी. मुलाचे वाक्य त्यामुळे चुकते, पण विचार चुकलाच असेल असे नाही.

पदवीचे विद्यार्थी येथे स्वतःही एका पेचात असतात. महाविद्यालयात विज्ञान इंग्रजीतून होते. 'मोमेंटम' आणि 'ॲक्सिलरेशन' त्यांना सरावाचे झालेले असते, आणि चौथ्या वर्षी मराठी शाळेत उभे राहून 'संवेग' व 'त्वरण' म्हणताना जीभ अडखळते. यावर उपाय स्वस्त आहे. बालभारतीची सहावी ते दहावीची विज्ञान व गणिताची सर्व पुस्तके मिळवावीत आणि प्रत्येक स्वाध्याय मराठीत, पूर्ण वाक्यांत सोडवावा. दहावीच्या विज्ञानाचे दोन भाग आहेत आणि बहुतेक शाळांत ते एकच शिक्षक शिकवतो. तेव्हा भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने आनुवंशिकता आणि प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याने भिंगे टाळून चालणार नाही. गणित नको म्हणून पहिल्या वर्षी सोडणाऱ्यांनीही पुन्हा विचार करावा. लहान शाळेत गणित व विज्ञान एकाच्याच गळ्यात पडते.

नोकरीच्या वाटेबद्दल थोडक्यात. नववी-दहावीसाठी पदवी व बी.एड. लागते. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचे करण्यात आले. सहावी ते आठवीसाठी पदवीबरोबर डी.एल.एड. किंवा बी.एड. आणि शिवाय शिक्षक पात्रता परीक्षा. महाराष्ट्रात ती प्रथम २०१३ साली झाली. पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केले. निवडीसाठी २०१७ पासून अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आली : दोन तासांत २०० प्रश्न. निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. २०२३ मध्ये हे मानधन प्राथमिकला १६ हजार आणि माध्यमिकला १८ हजार रुपये करण्यात आले. नियम वारंवार बदलतात, म्हणून प्रवेशाच्या वर्षी ते पुन्हा तपासावेत. भरती वर्षानुवर्षे रखडू शकते हेही घरी आधीच सांगून ठेवलेले बरे. दोन एकर विकून पदविका घेतलेली आणि जाहिरातीची वाट पाहत बसलेली मुले मराठवाड्याने पुष्कळ पाहिली आहेत. या परीक्षांची तयारी करावीच लागेल. पण दोन तासांत २०० प्रश्न सोडवण्याचा वेग आणि पऱ्हाटीच्या वजनाचे उत्तर यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, हे लक्षात ठेवावे.

पदवीच्या काळातच करता येईल आणि नंतर जमणार नाही असे एक काम सुचवून थांबतो. 'बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो' हे वाक्य चुकीच्या उत्तरांच्या वहीत कधीतरी येणारच. परभणी सुमारे १९ १/४ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७६ ३/४ अंश पूर्व रेखांशावर आहे. आपली घड्याळे ८२ १/२ अंश रेखांशावर चालतात. म्हणून परभणीचा मध्यान्ह सरासरीने १२ वाजून २३ मिनिटांनी होतो. फेब्रुवारीत तो आणखी पुढे सरकतो, नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून ७ मिनिटांच्या आसपास येतो. मीटरभर उंचीची सरळ काठी ओळंब्याने उभी करून आठवड्यातून एकदा सर्वांत आखूड सावली मोजत जावी. २२ डिसेंबरला ती सुमारे ९२ सेंटिमीटर, उत्तरेकडे पडलेली मिळेल. २१ जूनला, आभाळ मोकळे असलेच तर, जेमतेम ७ सेंटिमीटर, आणि चक्क दक्षिणेकडे. या दोहोंच्या मध्ये वर्षातून दोनदाच सावली नाहीशी होते : मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. जुलैत शाळा भरलेली असते, पण ढग असतात. मे महिन्यात ऊन लख्ख असते, पण शाळेला सुट्टी. महाविद्यालयाची परीक्षा आटोपून गावी आलेल्या विद्यार्थ्याने तेव्हा देवळापुढच्या मोकळ्या जागेत काठी रोवावी. गावातली मुले त्या दिवसांत मोकळीच असतात, आणि सावली किती राहील यावर आधी प्रत्येकाचे उत्तर लिहून घेता येईल.