मध्यरात्रीचे अधिवेशन : शपथ आणि स्मरण

राष्ट्राच्या स्थापनेचा वर्धापनदिन विधिमंडळात साजरा होतो तेव्हा वादविवाद थांबतो आणि पठण व गायन यांना स्थान मिळते. अशा प्रसंगी उच्चारलेल्या शब्दाचे स्वरूप कोणते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांसही विचारार्ह आहे.

१४ ऑगस्ट १९४७ रोजी रात्री ११ वाजता राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली संविधानसभेची बैठक सुरू झाली. आरंभी सुचेता कृपलानी यांनी ‘वंदे मातरम्’चे पहिले कडवे गायिले, समारोपास ‘सारे जहाँ से अच्छा’ व ‘जन गण मन’ यांच्या आरंभीच्या ओळी झाल्या. दरम्यान नेहरूंनी शपथेचा ठराव मांडला, चौधरी खलिकुज्जमान यांनी त्यास अनुमोदन दिले आणि बाराचे ठोके पडताच सदस्यांनी उभे राहून हिंदुस्थानी व इंग्रजीतून देशसेवेची शपथ घेतली. संस्कृतप्रचुर बंगाली, उर्दू, हिंदुस्थानी व इंग्रजी अशा भाषा एकाच विधीत शेजारी आल्या. गीतांनी सभेस भावनेने जोडले; शपथेने मात्र उच्चारणाऱ्यांना त्याच क्षणी कर्तव्याने बांधले.

१९९७ च्या सुवर्णमहोत्सवी मध्यरात्री संसदेच्या त्याच मध्यवर्ती सभागृहात विशेष बैठक भरली. गांधी, नेहरू आणि सुभाषचंद्र यांचे ध्वनिमुद्रित आवाज ऐकविण्यात आले. ‘वंदे मातरम्’ भीमसेन जोशींनी, तर ‘सारे जहाँ से अच्छा’ लता मंगेशकरांनी गायिले. मराठी रसिकांच्या नित्य परिचयाचे हे दोन स्वर त्या रात्री साऱ्या राष्ट्राचे झाले. गीत पुन्हा गायिले तरी ते जिवंतच राहते. पूर्वसूरींची शपथ मात्र ऐकून आपली होत नाही. ती पुन्हा उच्चारावी लागते.

या उणिवेची पूर्ती त्याच वर्षीच्या विशेष अधिवेशनाने केली. १ सप्टेंबर १९९७ रोजी एकमताने संमत झालेल्या ठरावात राजकारणातील गुन्हेगारी दूर करण्याची आणि प्रश्नोत्तराच्या तासाचे पावित्र्य राखण्याची प्रतिज्ञा होती. २०१० चे हिवाळी अधिवेशन गदारोळात जवळजवळ संपूर्ण वाया गेले, तेव्हा त्या प्रतिज्ञेचे मोल ध्यानी आले.

तात्पर्य, समारंभातील शब्दाची कसोटी समारंभात लागत नाही. नित्याच्या कामकाजात मतभेद कोणत्या भाषेत आणि किती संयमाने मांडले जातात, यावर ती लागते. स्मरणाची रात्र वर्षानुवर्षांनी येते. वचनपूर्तीचा दिवस मात्र प्रत्येक बैठकीबरोबर उगवतो.