लहान कार्यशाळेसाठी संयुक्त लेथ-मिलिंग यंत्राची निवड

पालघर जिल्ह्यातील भात, चिकू व भाजीपाल्याच्या शेतीत पंप, पॉवर टिलर व मळणी यंत्र यांचा वापर रूढ झाला आहे. ऐन हंगामात पंपाचा बुश झिजल्यास किंवा शाफ्ट वाकल्यास दुरुस्तीसाठी बोईसर गाठावे लागते व शेतीकाम खोळंबते. म्हणून यंत्रकाम शिकलेले ग्रामीण तरुण घराच्या पडवीत लहान कार्यशाळा काढू इच्छितात. त्यांना लेथ व मिलिंग ही दोन्ही कामे करणारे संयुक्त यंत्र सोयीचे वाटते. तथापि कर्ज काढून ते घेण्यापूर्वी त्याचे गुणदोष समजून घेणे अगत्याचे आहे.

यंत्राची रचना व मर्यादा

या यंत्रात लेथच्या बेडमागे खांब उभारून त्यावर मिलिंगचे डोके बसविलेले असते. लेथची आडवी सरक हीच मिलिंगचे टेबल म्हणून वापरतात. त्यामुळे जागा वाचते. परंतु टेबल लहान पडते व बहुतेक यंत्रांत ते वरखाली होत नाही. खांब गोल असल्यास डोके वरखाली करताना ते बाजूस फिरते व पूर्वी जुळविलेला मध्य पुन्हा जुळवावा लागतो. शिवाय एक काम चालू असताना दुसरे करता येत नाही.

प्रथम काम, मग यंत्र

आपल्या गावात कोणती कामे येतील याची यादी प्रथम करावी. बुश कातणे, शाफ्टवर आटे पाडणे, पुलीचे भोक मोठे करणे ही सर्व लेथची कामे होत. शाफ्टवर चावीची खाच पाडण्यास मिलिंग उपयोगी पडते. तथापि साध्या लेथवर उभी सरक बसवूनही हे काम होते. पुलीच्या भोकातील खाच मात्र मिलिंगच्या कटरने निघत नाही. त्यासाठी बहुधा स्लॉटिंग यंत्र वापरतात. सातपाटीसारख्या बंदरातील होड्यांचे लांब शाफ्ट लहान बेडवर मावत नाहीत.

यावरून असे दिसते की, पालघर-बोईसर परिसरात साधा मजबूत लेथ घेणे अधिक हिताचे आहे. अधूनमधून येणारे मिलिंगचे काम तारापूर औद्योगिक वसाहतीच्या परिसरातून मजुरीवर करून घेता येते. जव्हार-मोखाड्यासारख्या दूरच्या भागात, जेथे जागा थोडी व कामे हलकी आहेत, तेथे संयुक्त यंत्राचा विचार अवश्य करावा.

खरेदीपूर्वी तपासणी

१. यंत्र प्रत्यक्ष चालवून पाहावे. सुमारे २५ मिलिमीटर व्यासाचा गज चकमध्ये धरून १०० मिलिमीटर बाहेर ठेवावा व टेलस्टॉकचा आधार न देता हलका काप घ्यावा. दोन्ही टोकांचा व्यास मायक्रोमीटरने मोजावा. फरक मिलिमीटरच्या दोन शतांशांहून अधिक आल्यास कारण विचारावे.

२. स्पिंडलच्या भोकातून नेहमीचे शाफ्ट आरपार जातात की नाही हे पाहावे.

३. मिलिंगचा कटर ड्रिल चकमध्ये धरू नये, तो निसटतो. त्यासाठी कोलेट मिळतात याची खात्री करावी.

४. जुना लेथ घेताना चकजवळील बेड विशेष तपासावा. झीज तेथेच अधिक होते. हरिहर येथे १९४१ साली स्थापन झालेल्या म्हैसूर किर्लोस्करसारख्या कारखान्यांचे जुने लेथ जड व टिकाऊ आहेत. परंतु नाव पाहून नव्हे, झीज पाहून किंमत ठरवावी.

वीज व निगा

लहान यंत्रे सिंगल फेज विजेवर चालतात. मोठ्या जुन्या लेथला बहुधा थ्री फेज लागते. शेतीपंपाच्या जोडणीवर कार्यशाळा चालविता येत नाही. स्वतंत्र जोडणी घ्यावी. किनाऱ्यावरील खाऱ्या हवेने व पावसाळी दमटपणाने बेड लवकर गंजतो. म्हणून रोज काम संपताच बुरा काढून तेलाचा हात फिरवावा. यंत्रावर सैल कपडे व हातमोजे वापरू नयेत, तसेच चकची चावी चकमध्ये विसरू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी इच्छुक तरुणांकडून कामांची यादी लिहून घ्यावी व कर्ज-अनुदानाच्या योजनांसाठी त्यांना जिल्हा उद्योग केंद्राकडे न्यावे. मापके, हत्यारे व चक यांसाठी रक्कम राखून मगच यंत्राचा सौदा करावा. कारण हत्यारांवाचून यंत्र निरुपयोगी ठरते, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.