शरीराचा दाखला

नाशिक ग्रामीण पोलीस दलाच्या २०१८ सालच्या भरतीत अनुसूचित जातीची एक तरुणी स्त्री-उमेदवार म्हणून उतरली आणि लेखी व मैदानी अशा दोन्ही परीक्षा उत्तीर्ण झाली. वैद्यकीय तपासणीत तिला गर्भाशय व बीजकोश नसल्याचे आढळले. मग गुणसूत्रांची तपासणी झाली आणि अहवालाने तिला ‘पुरुष’ ठरवले. नेमणूक अडली. मुलगी म्हणून जन्मलेल्या, मुलगी म्हणून शिकलेल्या या तरुणीला न्यायालयाची पायरी चढावी लागली. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिच्याकडे कसलाही दोष जात नाही, असे म्हटले. शासनानेही तिला नोकरी देण्याची तयारी दाखवली. पण शिपाईपदाची नव्हे, पोलीस खात्यातल्या दुसऱ्या कामाची.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या आमच्या विद्यार्थिनींना हे प्रकरण दूरचे वाटू नये. जातीचा दाखला, त्याची पडताळणी एवढे पार करून आलेल्या मुलीकडे ही व्यवस्था शरीराचाही दाखला मागते. तेव्हा विज्ञान काय सांगते ते पाहिले पाहिजे. (अशा विषयांची लाज आपल्या चळवळीला नाही. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून ‘समाजस्वास्थ्य’कार र. धों. कर्वे यांच्यावर खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले होते.)

गर्भ सुमारे सहा आठवड्यांचा होईपर्यंत मुलाच्या आणि मुलीच्या जननग्रंथींत फरक दिसत नाही. वाय गुणसूत्रावर एक जनुक असते. ते १९९० साली सापडले. त्याच्या प्रभावाने या ग्रंथींचे वृषण बनतात. वृषण दोन कामे करतात. एका संप्रेरकाने गर्भाशयाचा अंकुर जिरवतात आणि दुसऱ्याने, म्हणजे टेस्टोस्टेरॉनने, पुरुषाची इंद्रिये घडवतात. काहींच्या पेशी मात्र जन्मतःच टेस्टोस्टेरॉनला दाद देत नाहीत. मग पहिले काम होते, दुसरे होत नाही. गुणसूत्रे एक्स-वाय, वृषण पोटात, गर्भाशय नाही. आणि बाहेरून संपूर्ण स्त्रीदेह. वयात आल्यावर स्तनही वाढतात, फक्त पाळी येत नाही. लिंगविकासाच्या अशा वेगळेपणाचे हे एकच उदाहरण, प्रकार आणखी पुष्कळ आहेत. गुणसूत्रे, ग्रंथी, संप्रेरके, इंद्रिये आणि माणसाची स्वतःविषयीची जाण असे लिंगाचे अनेक पदर असताना त्यातला एक उचलून ‘ही पुरुष निघाली’ म्हणणे हे विज्ञान नव्हे, कारकुनी आहे.

आता याच समाजाची दुसरी बाजू पाहा. शिपायाच्या कामाशी गर्भाशयाचा काडीचाही संबंध नाही, तरी तिथे ते शोधले जाते. आणि मूल न झालेल्या घरात ज्याच्या वीर्याशी प्रश्नाचा थेट संबंध आहे, त्या पुरुषाला तपास म्हणून कोणी विचारत नाही. बाईला उपास घडतात, अंगारे-धुपारे होतात, मांत्रिकाकडे खेटे होतात. वास्तविक अशा जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडचे कारण, एकटे किंवा बाईकडच्या कारणासोबत, असतेच.

साधारण ५०० ते १००० पुरुषांमागे एकाच्या शरीरात एक्स गुणसूत्र जादा असते. क्लाईनफेल्टर या अमेरिकन डॉक्टरने १९४२ साली या स्थितीचे वर्णन केले, गुणसूत्राचे कारण १९५९ साली कळले. हा पुरुष बहुधा चारचौघांसारखाच दिसतो. संभोगाची शक्ती शाबूत असू शकते, पण वृषण लहान व टणक असतात आणि वीर्यात शुक्रजंतू बहुधा नसतात. गाव त्याला मर्दपणाचा दाखला देते. वांझोटी ठरते बायको. मग दुसरी बायको येते आणि तीही वांझोटी ठरते! आज अशा काही पुरुषांच्या वृषणातून सूक्ष्म शस्त्रक्रियेने शुक्रजंतू काढता येतात. पण त्यासाठी आधी तपासणीला जावे लागते.

ती तपासणी अवघड नाही. दोन ते सात दिवस संयम पाळून नमुना द्यायचा, तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दोष दिसला तर काही आठवड्यांनी पुन्हा पाहतात. शुक्रजंतू मुळीच नसतील तर संप्रेरके आणि गुणसूत्रे तपासायची. काही कारणे तर लहानपणीच हाती लागतात. बाळाचा वृषण सहा महिन्यांपर्यंत अंडकोशात उतरला नाही तर ‘वाढेल तसा उतरेल’ म्हणून शाळेत जाईपर्यंत थांबू नये; दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करून घ्यावी. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या आजीच्या हातालाही हे कळते.