पर्यावरण-क्षेत्रे आणि वाहनांवरील रंगीत बिल्ले : जर्मनीतील एक नियमप्रयोग

डोळ्यांना न दिसणाऱ्या गुणदोषांवर नियम बसवावयाचा असला म्हणजे शासनाला चिन्हाचा आश्रय घ्यावा लागतो. वजनमापांवरील सरकारी शिक्का हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. मोटारीच्या धुराचेही तसेच आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या दोन गाड्यांपैकी कोणती किती काजळी हवेत सोडते, हे नुसते पाहून पोलिसाला सांगता येत नाही. जर्मनीने ह्या अडचणीवर एक उपाय योजला : वाहनांचे वर्ग पाडले, प्रत्येक वर्गाला एका रंगाचा बिल्ला दिला आणि शहराच्या कोणत्या भागात कोणत्या रंगाला प्रवेश आहे हे ठरवून दिले. ह्या योजनेची घडण, तिचे यश आणि तिची मर्यादा ह्यांचा येथे विचार करावयाचा आहे. चिन्ह जे सांगते त्याहून अधिक त्याच्याकडून अपेक्षिले गेले म्हणजे काय होते, ह्याचा हा बोधप्रद नमुना आहे.

योजनेचे मूळ वाहनविषयक कायद्यात नसून हवेविषयक कायद्यात आहे. युरोपीय समुदायाच्या १९९९ सालच्या एका निर्देशाने दहा मायक्रोमीटर वा त्याहून कमी व्यासाच्या सूक्ष्म धूलिकणांवर मर्यादा घातली. १ जानेवारी २००५ पासून हवेतील त्यांचे दैनिक प्रमाण घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅमच्या वर वर्षातून ३५ दिवसांपेक्षा अधिक जाऊ नये, असा तो दंडक होता. त्याच वर्षी म्यूनिकच्या लान्ड्सहूटर आले ह्या रहदारीच्या रस्त्यावर ही मर्यादा ओलांडली गेली. तेथील रहिवासी डीटर यानेचेक ह्यांनी न्यायालयात दाद मागितली. प्रश्न मूलगामी होता : हवेची मर्यादा हे केवळ शासनाचे उद्दिष्ट, की नागरिकाचा हक्क? युरोपीय न्यायालयाने २५ जुलै २००८ रोजी निर्णय दिला, की मर्यादाभंगाची झळ ज्याला प्रत्यक्ष पोचते त्या नागरिकाला अधिकाऱ्यांकडून कृति-आराखड्याची मागणी करता येते. नगरपालिकांना हात जोडून बसणे ह्यापुढे शक्य नव्हते.

हा निर्णय येण्यापूर्वीच जर्मन शासनाने आराखड्यांसाठी एक साधन सिद्ध केले होते. १ मार्च २००७ रोजी अमलात आलेल्या नियमावलीने वाहनांचे चार प्रदूषण-गट पाडले. पहिल्या गटाला बिल्लाच नाही. दुसऱ्याला लाल, तिसऱ्याला पिवळा आणि चौथ्याला हिरवा. स्थूलमानाने पाहता, नियंत्रित उत्प्रेरक-यंत्रणा असलेली पेट्रोलगाडी थेट हिरव्या गटात येते. ती यंत्रणा नसलेली जुनी गाडी बिल्ल्यावाचून राहते. डिझेलगाडीच्या बाबतीत ‘युरो’ ह्या उत्सर्जन-मानकाची पायरी पाहिली जाते : युरो २ ला लाल, युरो ३ ला पिवळा, युरो ४ व त्यापुढील सर्वांना हिरवा. काजळी अडविणारा फिल्टर मागाहून बसविल्यास गाडी एक पायरी वर चढते. असा फिल्टर बसवून घेणाऱ्या मोटारमालकांना केंद्र शासनाने ३३० युरोंचे साहाय्यही काही काळ देऊ केले होते.

बिल्ला ८० मिलिमीटर व्यासाचा, वर्तुळाकार असतो. त्यावर गटाचा अंक आणि त्या गाडीचा नोंदणी-क्रमांक लिहिलेला असतो व तो समोरच्या काचेला आतून चिकटवावयाचा असतो. क्रमांक लिहिलेला असल्यामुळे तो एका गाडीवरून दुसरीवर नेता येत नाही. गाडीचा क्रमांक बदलला तर नवा बिल्ला घ्यावा लागतो. विजेवर चालणाऱ्या गाडीलाही तो हवाच, आणि परदेशांत नोंदलेली गाडीही ह्या नियमातून सुटत नाही. दुचाक्या व तिचाकी वाहने, शेतीचे ट्रॅक्टर, रुग्णवाहिका, अग्निशामक दलाची वाहने, ऐतिहासिक म्हणून नोंदलेल्या जुन्या मोटारी आणि तीव्र अपंगत्व असलेल्या व्यक्तींची ने-आण करणारी वाहने ह्यांना मात्र सूट आहे. बिल्ल्यावाचून क्षेत्रात शिरणाऱ्यास पूर्वी ४० युरो दंड व चालकाच्या नावावर एक दोषांक पडे. १ मे २०१४ पासून दोषांक गेला आणि दंड ८० युरो झाला. २०२१ च्या नोव्हेंबरात तो १०० युरोंवर नेण्यात आला.

पहिली पर्यावरण-क्षेत्रे १ जानेवारी २००८ रोजी बर्लिन, कोलोन आणि हानोफर येथे सुरू झाली. बर्लिनचे क्षेत्र उपनगरी रेल्वेच्या वर्तुळाच्या आत असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८८ चौरस किलोमीटर आहे. तेथे आरंभी तिन्ही रंगांना प्रवेश होता. १ जानेवारी २०१० पासून केवळ हिरव्याला राहिला. दोन वर्षांची ही मुदत हेतुपुरस्सर होती. नियमाचा भार जुनी डिझेलगाडी वापरणाऱ्या कारागिरांवर आणि किरकोळ व्यापाऱ्यांवर सर्वाधिक पडणार होता, व नवी गाडी घेण्याचे सामर्थ्य त्यांच्याच अंगी सर्वांत कमी होते.

लंडनच्या पद्धतीशी तुलना केली असता ह्या योजनेचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. लंडनमध्ये बिल्ला नाही. कॅमेरे गाडीचा क्रमांक टिपून घेतात. ८ एप्रिल २०१९ रोजी सुरू झालेल्या अतिनीच-उत्सर्जन क्षेत्रात अपात्र मोटारीवर दिवसाला साडेबारा पौंडांचा आकार बसविण्यात आला. म्हणजे तेथे प्रवेश विकत घेता येतो. बर्लिनमध्ये अपात्र गाडीला पैसे मोजून आत जाता येत नाही. उलट लंडनमध्ये प्रत्येक गाडीच्या हालचालीची नोंद होते, तर जर्मन बिल्ला पोलिसाने वा पालिकेच्या कर्मचाऱ्याने पाहिला म्हणजे काम संपते. एक पद्धत श्रीमंताला सवलत देते, दुसरी अंमलबजावणीत सैल राहते.

योजनेचा परिणाम झाला काय? हेंड्रिक वोल्फ ह्या अर्थशास्त्रज्ञाने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रहदारीच्या नगरकेंद्रांतील धूलिकणांचे प्रमाण ह्या क्षेत्रांमुळे सुमारे ९ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. क्षेत्राच्या जितके जवळ राहावे तितका स्वच्छ गाडी घेण्याकडे लोकांचा कल अधिक, असेही त्यात दिसून आले. तात्पर्य, बिल्ल्याने केवळ जुन्या गाड्या अडविल्या नाहीत. नव्या गाड्यांची निवडही बदलली.

परंतु बिल्ला काजळीविषयी बोलत होता, आणि हवेतील प्रश्न तेवढाच नव्हता. नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम असून ती २०१० पासून बंधनकारक झाली होती. फिल्टर काजळी अडवितो, हा वायू अडवीत नाही. युरो ४ आणि युरो ५ च्या डिझेलगाड्या प्रयोगशाळेतील चाचणीत ठरणाऱ्या प्रमाणापेक्षा रस्त्यावर हा वायू पुष्कळच अधिक सोडतात, हे हळूहळू उघड झाले. आणि सप्टेंबर २०१५ मध्ये फोल्क्सवागेनने चाचणी ओळखणारी संगणक-आज्ञावली गाड्यांत बसविल्याचे अमेरिकेत उघडकीस आल्यावर त्या आकड्यांवरील उरलासुरला विश्वासही डळमळला. तथापि ह्या सर्व गाड्यांच्या काचेवर हिरवाच बिल्ला होता.

ह्याची परिणती विलक्षण झाली. शहरांना डिझेलबंदी घालता येते, असा निर्णय केंद्रीय प्रशासकीय न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१८ रोजी स्टुटगार्ट व ड्युसेल्डॉर्फ ह्यांच्या प्रकरणी दिला. त्यानुसार स्टुटगार्टने १ जानेवारी २०१९ पासून युरो ४ व त्याखालील डिझेलगाड्यांना क्रमशः बंदी केली. हिरवा बिल्ला असलेली गाडी आता हिरव्या क्षेत्रात निषिद्ध ठरू शकत होती. तिची पात्रता ओळखावयाची तर गाडी थांबवून नोंदणीपत्र पाहणे पोलिसाला भाग पडले. नव्या वर्गासाठी निळा बिल्ला काढावा, असा प्रस्ताव पुढे आला होता. तो प्रत्यक्षात उतरला नाही. पुढे ३ जून २०२१ रोजी युरोपीय न्यायालयाने २०१० ते २०१६ ह्या काळात जर्मनीतील २६ विभागांत ह्या वायूची मर्यादा सातत्याने ओलांडली गेल्याबद्दल त्या राष्ट्राला दोषी ठरविले.

दरम्यान जुन्या गाड्या आपोआप रस्त्यावरून जात राहिल्या, आणि बहुतेक सर्व मोटारींवर हिरवा बिल्ला दिसू लागला. जे चिन्ह सर्वांपाशी असते ते भेद दाखवू शकत नाही. त्या अर्थी बिल्ल्याचे यश हेच त्याच्या निरुपयोगाचे कारण ठरले. पहिल्या तीन शहरांपैकी हानोफरने २२ फेब्रुवारी २०२४ रोजी आपले क्षेत्र रद्द केले. परंतु त्याच वर्षी संमत झालेल्या नव्या युरोपीय निर्देशाने नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा २०३० पासून ४० वरून २० मायक्रोग्रॅमवर आणण्याचे ठरविले. म्हणजे नगरपालिकांना गाड्यांत पुन्हा भेद करण्याची पाळी येणे असंभवनीय नाही.

तसे झाल्यास ह्या अनुभवातून घ्यावयाचा धडा साधा आहे. नागरिकाचा हक्क स्वच्छ हवेवर आहे, बिल्ल्यावर नाही. बिल्ला हे त्या हक्काकडे जाण्याचे एक साधन. आणि चाचणीतील आकडा व रस्त्यावरील धूर ह्यांतील अंतर जितके वाढेल, तितके ते साधन लंगडे पडेल. वजनाचा शिक्का खरा राहावा म्हणून वजन पुनःपुन्हा तपासले जाते. जर्मनीतील बिल्ला मात्र एकदा चिकटविला, की गाडी असेतोवर तोच राहतो.